रिंगा पूर्ववत करण्याबाबत

पाणसळकाका त्या सकाळी सरांबरोबर फिरायला निघाले नसते, तर पुढचा एकही घोळ झाला नसता. पण काका निघाले. काका म्हणजे सरांचे शेजारी, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. फरशी पातळीत आहे की नाही हे गवंडी ज्या बुडबुड्याच्या पट्टीने बघतो, ती पाणसळ निवृत्तीनंतरही त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. लोक पेन ठेवतात तशी. कोणाच्याही घरी गेले की ते आधी टेबलावर पाणसळ ठेवत, "तुमचं टेबल खिडकीकडे कलतंय," असं सांगत आणि मगच चहाला हात लावत. चहा बहुधा पुन्हा विचारला जात नसे.

तर फिरता फिरता दोघे कॉलेजच्या मैदानाशी आले. काका थबकले. एक डोळा मिटून त्यांनी बास्केटबॉलच्या एका रिंगेकडे पाहिलं, मग वळून दुसरीकडे पाहिलं.

"सर, तुमच्या दोन्ही रिंगा वाकड्या आहेत. दोन्ही कार्यालयाच्या बाजूला झुकल्यात."

"आमच्या कॉलेजात सगळेच तिकडे झुकतात, काका."

सर हे बोलले विनोदाने, पण त्यांचं मन तिथेच अडकलं. सर तर्कशास्त्र शिकवत. बास्केटबॉलशी त्यांचा संबंध एका हातापुरताच होता. खेळाचे शिक्षक निवृत्त झाले, त्यांची जागा भरायला मंजुरी नव्हती, आणि "संघाची जबाबदारी कोण घेतंय?" असं प्राचार्यांनी बैठकीत विचारलं तेव्हा सर टेबलाखाली पडलेला चष्मा शोधत होते. वर यायला टेबलाची कड धरावी म्हणून त्यांनी हात वर केला. टाळ्या पडल्या. सरांना हरकत घेता आली असती, पण हात वर होता हे विधान सत्य होतं, आणि सत्य विधानाशी भांडण्याचं शिक्षण त्यांना मिळालेलं नव्हतं.

संघ मुलींचा. छोट्या कॉलेजचा, त्यामुळे एखादी आजारी पडली तर बदली खेळाडूला आधी तिच्या घरी जाऊन उठवावं लागे. कर्णधार होती टाचणी. उंचीने सगळ्यांत कमी, पण टोकदार. चेंडू तिच्या हातात आला की समोरच्या संघातल्या धिप्पाड मुली तिला शोधत बसत, आणि ती त्यांच्या कोपराखालून पलीकडे गेलेली असे. दुसरी होती खांब. इतकी उंच, की लाजेने कायम खांदे पाडून चाले, जणू प्रत्येक दाराची चौकट तिच्यासाठीच खाली बसवलेली आहे. ह्या मुली उजाडताच मैदान स्वतः झाडत, पानं वेचत, आणि मग चेंडूचा धपधप आवाज सुरू होई. सरांना खेळ कळत नसे, पण तो आवाज ऐकला की आपण कुठल्यातरी गंभीर कामाला लागलो आहोत असं त्यांना वाटे.

एकच गोम होती. हा संघ घरच्या मैदानावर बड्याबड्या कॉलेजांना लोळवी, आणि बाहेर गेला की शेंबड्या संघाकडूनही मार खाऊन येई. प्राचार्यांनी सरांना बोलावून स्पष्टच सांगितलं होतं, "घरात वाघ आणि दारात शेळी, असा संघ मला परवडत नाही. या मोसमात बाहेर एक सामना जिंकून दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी संघ बंद." टाचणीचं हे शेवटचं वर्ष होतं. ती सरांना म्हणाली होती, "सर, माझ्यानंतर संघच नसेल तर मी कर्णधार होते हे कोणाला सांगू? भिंतीला?"

त्यामुळे काकांनी रिंगा वाकड्या ठरवल्या तेव्हा सरांच्या डोक्यात लगेच तर्क जुळला. वाकड्या रिंगांवर सराव करणारा संघ निम्मे सामने जिंकतो. सरळ रिंगांवर केला, तर सगळे जिंकेल. सरांना या तर्कात कुठेही फट दिसली नाही. पुढच्या आयुष्यात त्यांनी वर्गात तर्कातल्या चुका शिकवताना हेच उदाहरण दिलं, फक्त माणसाचं नाव सांगितलं नाही.

रिंगा वाकड्या का होत्या, याचंही कारण होतं. वार्षिक समारंभाला मैदानावर कापडी छत बांधत, आणि त्या छताचे दोर वर्षानुवर्षं या रिंगांनाच बांधले जात. ओढून ओढून दोन्ही रिंगा कार्यालयाकडे माना वळवून बसल्या होत्या. आधीच्या खेळशिक्षकांनी त्या सरळ करण्याचा अर्ज केला होता. ते निवृत्त झाले. अर्ज अजून सेवेत होता.

म्हणून सरांनी ठरवलं, अर्जाच्या नादाला लागायचंच नाही. रविवारी वेल्डर बोलावला. वेल्डर रिंगेकडे बघून म्हणाला, "साहेब, सरळ म्हणजे किती सरळ?"

"सरळ म्हणजे सरळ," सर म्हणाले.

"नाही, लोक म्हणतात सरळ, आणि मग म्हणतात थोडी अजून. आधीच सांगा."

तेवढ्यात काका पाणसळ घेऊन शिडीवर चढले होते. बुडबुडा मधोमध येईपर्यंत त्यांनी वेल्डरला दुपारचं जेवू दिलं नाही. वेल्डर वैतागला, पण माणूस मनाचा मोठा. जाता जाता त्याने दोन्ही बोर्डांवरचे गंजाचे डाग घासून काढले आणि वर पांढरा रंग मारून दिला. "दिसायलाही बरं," म्हणाला. मैदान असं दिसू लागलं, की सरांनी संध्याकाळी बायकोला, म्हणजे बाईंना, मुद्दाम तिकडून फिरवून आणलं.

बाईंनी पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मुलींना विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? वाकडं ते सरळ केलं."

"आपलं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं, आठवतंय? घरात सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही एकदा कोणाला न सांगता ते बरोबर लावलंत, आणि सगळ्यांची बस चुकली."

सरांनी तो विषय बदलला. त्या घड्याळाचा विषय ते नेहमीच बदलत.

सोमवारी सकाळी मुली मैदानावर आल्या. टाचणीने पहिला चेंडू मारला. रिंगेच्या काठावर आपटून तो बाहेर गेला. दुसरा गेला. खांबने मारला, तो बोर्डालासुद्धा लागला नाही, थेट कार्यालयाच्या दिशेने निघाला आणि सायकली लावल्या होत्या तिथे घंटा वाजवून थांबला. मग सगळ्यांनी मारून पाहिले. रिंगेला जणू झाकण बसवलं होतं. सर हसतमुख उभे होते. त्यांचं हसू हळूहळू वाळत गेलं.

"सर," टाचणी म्हणाली, "डाग कुठे गेला?"

"कुठला डाग?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मग उलगडा झाला. प्रत्येक बोर्डावर कार्यालयाच्या बाजूला गंजाचा एक डाग होता. संघात नवी मुलगी आली की जुनी तिला पहिल्याच दिवशी सांगे, "रिंगेकडे बघायचंच नाही. डागावर नेम धर." कर्णधारामागून कर्णधार हे ज्ञान पुढे आलं होतं. ते बिनचूक होतं, फक्त जगातल्या दोनच रिंगांना लागू होतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं रिंगा वाकड्या आहेत ते?" सर चाचरत म्हणाले.

"वाकड्या?" खांब म्हणाली. "आम्हाला वाटायचं बाहेरच्यांच्या वाकड्या असतात."

सर बाकावर बसले. बाक कार्यालयाकडे कलत होता की कसा, हे पाहण्याची इच्छाही त्यांना राहिली नाही.

दुपारी काकांनी धीर दिला. "खचू नका. जे वाकडं होतं ते परत वाकडं करता येतं. लोखंड आहे, स्वभाव नव्हे." म्हणून सर हेडक्लार्कसमोर जाऊन उभे राहिले. हेडक्लार्क हा प्राणी कॉलेजातल्या प्रत्येक वस्तूवर स्वतःच्या मुलीसारखं प्रेम करी, म्हणजे तिला हात लावू देत नसे.

"रिंगा विनापरवानगी सरळ केल्यात," तो म्हणाला. "ते जाऊ दे, आता झालंच आहे तर आपण मागाहून मंजुरी घेऊन टाकू. त्याला रिंगा सरळ असल्याचा दाखला लागेल. सक्षम अधिकाऱ्याचा."

"सक्षम अधिकारी कोण?"

"खेळाचे प्रमुख. म्हणजे तुम्ही."

सरांनी सही केली. हेडक्लार्कने शिक्का मारला, शाई वाळवली, आणि मग नम्रपणे विचारलं, "आणि आता आपल्याला त्या वाकड्या करून हव्यात?"

"हो."

"म्हणजे सक्षम अधिकाऱ्याने सरळ म्हणून प्रमाणित केलेली मालमत्ता, त्याच अधिकाऱ्याच्या विनंतीवरून वाकडी करायची."

हे वाक्य तर्कशास्त्राच्या पेपरात आलं असतं तर सरांनी त्याला पूर्ण गुण दिले असते. त्यांनी निमूटपणे अर्ज लिहायला घेतला. विषय काय लिहावा? 'रिंगा वाकड्या करण्याबाबत' असं लिहिलं तर प्राचार्य आपल्याला रजेवर पाठवतील. बराच विचार करून त्यांनी लिहिलं: 'रिंगा पूर्ववत करण्याबाबत.' हेडक्लार्कचा चेहरा एकदम निवळला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत बदल मागणारेच त्याच्याकडे आले होते. जसं होतं तसं करा म्हणणारा हा पहिलाच.

पण अर्जाची वाट पाहत बसून मोसम जिंकता येत नाही. पहिला सामना जवळ आला होता, आणि तोही बाहेरचाच. निदान डाग तरी परत आणावा, म्हणून सर रंगाच्या दुकानात गेले.

"गंजाचा रंग द्या."

"गंज लागू नये असा? हा घ्या, उत्तम."

"नाही. गंज लागल्यासारखा दिसेल असा."

दुकानदाराने सरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नवीन वस्तूवर लावणार?"

"हो. नुकतीच रंगवली आहे."

दुकानदाराने मागच्या बाजूला बसलेल्या वडिलांना हाक मारली, "बाबा, जरा बाहेर या. ऐकण्यासारखं आहे." वडील आले, त्यांनीही सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि शेवटी तपकिरी आणि नारिंगी मिसळून एक डबा दिला. "कोणी विचारलं तर आमच्या दुकानाचं नाव नका सांगू," एवढी एकच अट घातली.

दुसऱ्या दिवशी, मुली यायच्या आधी, तर्कशास्त्राचे प्राध्यापक शिडीवर चढले. एका हातात डबा, एका हातात ब्रश. डाग नेमका कुठे होता, हे आठवेना. गोल होता की ओघळलेला? त्यांनी एक डाग काढला. तो फार वर वाटला, म्हणून खाली दुसरा काढला. मग दोघांचं जमावं म्हणून मधला भाग भरला. खाली उतरून पाहिलं तर बोर्डावर तपकिरी नारिंगी रंगाचं गाढव उभं होतं. कान पुसायला म्हणून ते परत वर गेले, आणि त्याच क्षणी मागून आवाज आला.

"सर, खाली या."

टाचणी उभी होती. तिच्यामागे सगळा संघ. सर ब्रश पाठीमागे लपवायला गेले, आणि शर्टाला पाठीवर एक गाढव मिळालं.

"मी तुमचं नुकसान केलं," सर शिडीवरूनच म्हणाले. "ते भरून काढतोय."

"सर, आम्ही काल बोललो आपापसात," टाचणी म्हणाली. "आधी खाली या, मग सांगते. तुम्ही पडलात तर आम्हाला दुसरा कोणी मिळणार नाही. बैठकीत आता सगळे हात खिशात घालून बसतात."

सर उतरले.

"बाहेर आपण का हरायचो, तर तिथे डाग नसायचा. बरोबर? आता इथेही नाही. म्हणजे आता इथल्या आणि बाहेरच्या रिंगा सारख्याच झाल्या." तिने रिंगेकडे बोट दाखवलं. "सर, आपण या दोन रिंगांवर नेम शिकलो, तर जगातलं प्रत्येक मैदान घरचंच."

सरांनी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं होतं. असं स्वच्छ अनुमान त्यांनी कुठल्याच उत्तरपत्रिकेत वाचलेलं नव्हतं. त्यांना काहीतरी शाबासकीचं बोलायचं होतं, पण त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि काचांवर रंग उडाला होता असं पुढे सगळ्यांना सांगितलं.

मग जे सुरू झालं, ते पाहायला लोक कुंपणाशी थांबू लागले. वर्षानुवर्षांची सवय मोडायची म्हणजे उजव्या हाताने जेवणाऱ्याने डाव्या हाताने जेवण्यासारखं. मुली रिंगेच्या अगदी खाली उभ्या राहत, तिथून नेम बसला की एक पाऊल मागे येत. चुकलं की परत पुढे. त्यात कोणी रडलं नाही, कोणी कुरकुर केली नाही. म्हणजे केली, पण चेंडू मारता मारता केली. खांबचा हात अजून आपोआप कार्यालयाकडे वळे, तेव्हा टाचणी ओरडे, "अगं, तिकडे तुझा अर्ज पडलाय का?" गाढवाला मुलींनी पुसू दिलं नाही. ते म्हणे सगळ्यांना नम्र ठेवतं.

सर चेंडू आणून देण्याचं काम करत. एकदा चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला, तोही प्राचार्य गच्चीवरून पाहत असताना. सरांनी चष्मा शोधला, चेंडू उचलला आणि अत्यंत सन्मानाने परत फेकला. तो उलट्या दिशेला गेला, हा भाग वेगळा. बाई रोज सरांच्या शर्टावरचे चेंडूचे ठसे धूत आणि म्हणत, "बैठकीत चष्मा सापडला असता, तर आज शर्ट तरी वाचले असते." पण सामन्याच्या दिवशी त्यांनीच सगळ्या मुलींसाठी डबे भरले, आणि टाचणीच्या डब्यावर एक जास्तीचा रुमाल बांधला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मध्यंतरी सर हेडक्लार्ककडे जाऊन म्हणाले होते, "तो अर्ज आता नको."

"अर्ज मागे घेण्याचा अर्ज वेगळा लागतो," हेडक्लार्क म्हणाला. "शिवाय तुमचा अर्ज इतका सुंदर आहे, की मागे घेणं बरं दिसणार नाही."

सरांना घाई होती. ते नुसते हसले आणि मैदानावर गेले. ही त्या मोसमातली त्यांची दुसरी मोठी चूक.

सामना मोठ्या कॉलेजात होता. छप्पर असलेलं मैदान, चकचकीत लाकडी फरशी, बोर्ड काचेचे. काचेवर ना डाग, ना गाढव. सरांनी काकांची पाणसळ मागून खिशात आणली होती. रिंगेपर्यंत हात पोचेना, म्हणून त्यांनी ती बाकावर ठेवली. बाक सरळ होता. त्यांना एवढ्यानेही धीर आला.

सुरुवातीला मुली मागे पडल्या. प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणालं, "हे तेच ना, घरातले वाघ?" टाचणीने ते ऐकलं. तिने चेंडू घेतला, दोन धिप्पाड मुलींच्या मधून वाकून निघाली, आणि दूरवरून मारला. सरांनी डोळे मिटले. काठावर आपटल्याचा आवाज आला नाही, बोर्डाचा आला नाही. फक्त जाळी हलल्याचा, अगदी हलका, कोणी सुस्कारा सोडावा तसा. सरांनी डोळे उघडले तेव्हा मुली परत फिरून बचावाला उभ्यासुद्धा होत्या. आनंद करायला त्यांना वेळ नव्हता.

त्यानंतर त्या खेळल्या, कशा खेळल्या, हे सांगायला खेळ कळणारा माणूस हवा. सरांना एवढंच दिसलं, की चेंडू कुठे जाणार हे या मुलींना चेंडूच्या आधी कळत होतं. आणि शेवटी शेवटी बरोबरी असताना चेंडू खांबकडे आला. रिंगेखाली समोरच्या दोघी हात वर करून उभ्या. खांबने खांदे मागे घेतले, मान वर केली आणि ताठ उभी राहिली. ती एवढी उंच आहे हे सरांना आतापर्यंत माहीतच नव्हतं. बहुधा तिलाही नसावं. त्या दोघींच्या हातांच्या कितीतरी वरून तिने चेंडू रिंगेत ठेवला. टाकला नाही, ठेवला, जसा कोणी वरच्या फळीवर डबा ठेवतो.

शिटी वाजली. टाचणी पहिल्यांदा धावली ती खांबकडे, मग सगळ्याच एकमेकींवर कोसळल्या. सरांनी प्राचार्यांना फोन लावला. आवाज इतका कापत होता, की प्राचार्यांनी आधी विचारलं, "कोणाला लागलं का?"

"जिंकलो," सर म्हणाले. "बाहेर."

मग प्राचार्य म्हणाले, "पुढच्या वर्षीची नावं कळवा," आणि मग, फोन ठेवल्याचं समजून, त्यांनी खोलीत कोणाला तरी जोरात हाक मारून बातमी दिलेली सरांना ऐकू आली.

परतताना गाडीत गाणी झाली. कॉलेजच्या फाटकाशी उतरल्यावर मुली म्हणाल्या, घरी जाण्याआधी एकदा मैदानावर जाऊ. सगळे गेले, आणि जागच्या जागी उभे राहिले.

दोन्ही रिंगा कार्यालयाकडे झुकलेल्या होत्या. गाढव गेलं होतं. आता प्रत्येक बोर्डावर एकेक गंजाचा डाग, अगदी हुबेहूब, जुन्या फोटोवरून काढल्यासारखा. खाली हेडक्लार्क उभा होता. त्याचा चेहरा कार्यपूर्तीने उजळला होता.

"मंजूर झाला, सर," तो म्हणाला. "बदलाचे अर्ज आमच्याकडे अडतात. पण पूर्ववत करण्याचा अर्ज म्हणजे काय, नुसता घरंगळत गेला हो. फक्त वाकड्या असल्याचा दाखला तेवढा द्या."

सर मटकन खाली बसले. मग उठले. "हे चालणार नाही," ते ठामपणे म्हणाले. "पाहुण्या संघांना वाकड्या रिंगांवर खेळवणं ही फसवणूक आहे. मी उद्याच्या उद्या रिंगा सरळ करण्याचा अर्ज देतो. या वेळी वेल्डर नाही. रीतसर."

टाचणीने चेंडू उचलला. तिने डागाकडे पाहिलं आणि मारला. चेंडू आत गेला. मग पलीकडे वळून तिने दुसरा मारला, तोही गेला. तिला आता वाकड्या आणि सरळ, दोन्ही रिंगा येत होत्या.

"बरोबर आहे, सर. द्याच तुम्ही अर्ज," ती गंभीरपणे म्हणाली. "रीतसर मंजूर होईपर्यंत आमचा मोसम संपेल."